न धुतलेली साडी

करपलेलं दूध

मला करोना झालाय हे सगळ्यात आधी डॉक्टरांनी नाही, माझ्या थोरल्या जावेनं सांगितलं. तेही मला नाही, कोंबडीला.

आमचं घर पालीत, राजगडाच्या पायथ्याला. घराला लागूनच थोरल्या दिरांचं घर. दोन्ही घरांना गोठा एकच होता, पण वाटण्या झाल्यावर त्याच्या मधोमध छातीएवढी भिंत घातली. भिंतीपलीकडे पारूआक्का, म्हणजे माझी जाऊ, आणि अलीकडे मी. गडावर येणाऱ्या पोरापोरींना मी पिठलं-भाकरी आणि ताक द्यायचे. सुट्टीच्या दिवशी आमच्या ओसरीवर पंगतीमागून पंगती उठायच्या. एका पावसाळ्यात त्यांच्या हात धुण्याचं पाणी आक्काच्या अंगणात गेलं, शब्दाला शब्द लागला आणि आमचा अबोला सुरू झाला.

आता आमचा अबोला म्हणजे गप्प बसणं, असं कुणी समजू नये. बोलायचो सगळं, फक्त एकमेकींशी नाही. आक्काला मला जे ऐकवायचं असेल ते ती तिच्या कोंबडीला सांगायची आणि मी माझं उत्तर माझ्या म्हशीला, चंद्रीला, द्यायचे. सकाळी आक्का तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायला बसली की मी नाकाला पदर लावायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "चंद्रे, काय गं हा घाण वास! कसं जगावं माणसानं?" पलीकडून कोंबडीला सांगणं व्हायचं, "नाजूक नाकाच्या लोकांनी पुण्याला ऱ्हायला जावं म्हनावं." अशी वर्षं गेली.

त्या सकाळी मी चुलीवर दूध ठेवून शेजारीच भाकरी थापत बसले होते. अंग मोडून आलं होतं, कणकण होती. उन्हाळ्यात असं होतंच, म्हणून मी तिकडं काही लक्ष दिलं नव्हतं. दूध कधी उतू गेलं, कधी आटून करपलं, मला पत्ताच नाही. भिंतीपलीकडून आक्काचा आवाज आला.

"अगं कोंबडे, कुणाचं तरी दूध करपून कोळसा झालंय. नाक हाय का गहाण टाकलंय, इचार जरा!"

मी पातेल्यावर वाकले. बूड काळं ठिक्कर, आणि वास काहीच नाही. चटणीच्या डब्यात नाक घातलं, कांदा फोडून हुंगला. काही नाही. वास गेला की काय समजायचं ते तोवर गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

उरलं होतं ते

साथीचा तो दुसरा उन्हाळा. पहिल्या खेपेला गावानं रस्त्यावर काटेरी फांद्या टाकून वाट अडवली, गड बंद झाला आणि माझी ओसरी रिकामी पडली. आमचे मालक भाजीपाल्याचा टेम्पो चालवायचे, तो आंब्याखाली उभा राहिला. त्याच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. आमच्यासारखी गावात कितीतरी घरं. कुणाचा पोरगा हॉटेलातून परत आलेला, कुणाची मुलगी कंपनीतून. घराघरात जेवणारी तोंडं वाढली आणि बाहेरून येणारं थांबलं.

आमचं घर चंद्रीनं चालवलं. सकाळ-संध्याकाळ तिचं दूध गावातल्या डेअरीवर जायचं, त्यावर मीठमिरची, मोबाईल, वर्षाचं कॉलेज. वर्षा माझी एकुलती एक मुलगी, भोरला शिकते.

पण चंद्रीची एक गोम होती. तिचं रेडकू विल्यावर काही दिवसांतच मेलं. रेडकू नसलेली म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर चढवून ठेवते. मी तिला गोंजारून, आंबोण चारून, मायेनं बोलून माझ्या हाताची सवय लावली होती. ती फक्त माझ्याच हाताला दूध द्यायची. मालक शेजारी उभे राहिले तरी पाय आपटायची. मला त्याचा मोठा अभिमान होता. वर्षाला मी कधी धारेला बसू दिलं नाही. म्हणायचे, तू आपली शीक, शेणात हात घालायला मी आहे ना.

आणि आता मीच निघाले होते.

रिपोर्ट आला तो दिवस

आरोग्य केंद्रात तपासणी झाली. मी पॉझिटिव्ह, मालकही पॉझिटिव्ह, वर्षा तेवढी निगेटिव्ह. मालकांना नुसता खोकला होता, त्यांना गावच्या शाळेत वेगळं ठेवलं. आशाताईंनी माझ्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं, आकडा बघितला, बोट पुसून परत लावलं, परत बघितला. त्यांचा चेहरा मास्कमध्ये होता तरी मला कळलं. म्हणाल्या, "सुमनताई, गाडी बोलावते. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस जास्तच घाबरतं.

गाडी आली तेव्हा गल्लीतली दारं लागलेली होती. लग्नाला, मयताला, बारशाला या गल्लीत माणूस मावत नाही आणि त्या दिवशी एक कुत्रं तेवढं पोचवायला आलं. मी कुणाला दोष देत नाही. दुसऱ्या कुणाच्या दारात गाडी आली असती तर मीही खिडकीतूनच बघितलं असतं. मी सकाळच्या धारेच्या साडीवरच होते, हिरवी, काठाला शेणाचा डाग असलेली. बदलायला वेळ मिळाला नाही. वर्षा लांब उभी राहून रडत होती. "चंद्रीला आंबोण आधी दे, मग बस," एवढंच मी म्हणू शकले. पोरीला जवळ घ्यायचीही सोय नव्हती.

भोरचा वॉर्ड

वेल्ह्यात जागा नव्हती, म्हणून भोरला नेलं. तिथं मला दवाखान्याचे कपडे दिले. माझी साडी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आमच्या भागात परत जाणाऱ्या गाडीतून घरी पाठवली. इतक्यात उघडायची नाही, अशी ताकीद होती. वर्षानं ती पिशवी गोठ्याच्या बाहेरच्या मेढीला, लाकडी खांबाला, टांगली. लोक त्या मेढीला वळसा घालून जायला लागले.

वॉर्डात सगळ्यांचे चेहरे झाकलेले. सिस्टर लोकांनी पांढऱ्या पोशाखावर पाठीमागं पेनानं नावं लिहिली होती, त्यावरून ओळखायचं. माझ्या सिस्टरचे डोळे हसरे होते. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, सुई टोचून टोचून हात निळा, आणि दिवसाचा बराच वेळ पालथं झोपायचं. शेजारच्या खाटेवर वरच्या धनगरवाड्यावरची एक आजी होती. तिला पालथं व्हायला सांगितलं की ती भडकायची. "पालथं पडायला म्या काय तान्हं लेकरू हाय व्हय? तिकडं माझ्या शेळ्या बोंबलत असतील!" मग सिस्टर म्हणायच्या, "आजी, शेळ्यांसाठी तरी पालथ्या व्हा." आणि आजी व्हायची.

भीती किती वाटली ते लिहायलाच हवं, कारण बरं झाल्यावर सगळे शूर होतात. समोरच्या खाटेवरची बाई सकाळी माझ्याशी हातानं खुणा करून बोलली आणि दुपारी खाट रिकामी होती. चादर बदलली, दुसरं माणूस आलं. मी भिंतीकडं तोंड केलं. आपलंही असंच होणार, मालक शाळेतून बाहेर पडायच्या आत होणार, वर्षा एकटी पडणार, असं सारखं मनात येई. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना. आठवत होती ती चंद्रीची तटतटलेली कास.

कारण वर्षाचा फोन आला होता. "आई, चंद्री दूध देईना. मी बसले की बादलीच उडवती. कासेला हात लावला की कडक लागतंय."

कास कडक म्हणजे दगडी होणार. दगडी झाली की सड जातात, म्हैस आटते, आणि आटलेल्या म्हशीवर घर चालत नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि मी खाटेला खिळलेली. मी सिस्टरला खुणेनं बोलावलं. त्यांनी माझा मास्क जरासा बाजूला धरला, मोबाईल तोंडापाशी आणला, आणि मी भरल्या वॉर्डात माझ्या म्हशीला हाक मारली. "थिर, चंद्रे, थिर... माझी बाय ती... सोड गं, सोड..."

धनगरवाड्यावरची आजी खो खो हसायला लागली आणि हसता हसता खोकायला. सिस्टरच्या चष्म्यावर वाफ आली, त्या हसत होत्या की रडत होत्या कळलं नाही. तिकडं चंद्रीनं कान टवकारले, मोबाईल हुंगला, त्याला चाटलं आणि परत पाय आपटला.

मग मीच वर्षाला म्हटलं, माझी साडी नेस आणि बस. जनावर वासावर जातं. आमच्याकडं बाई माहेरी गेली की गडीमाणसंसुद्धा बायकोची साडी गुंडाळून धारेला बसतात, कुणी त्यात हसण्यासारखं काही बघत नाही. वर्षा म्हणाली, "आई, सगळ्या साड्या धुतल्या मी. गरम पाण्यात, साबण लावून, औषध टाकून. धुवाच म्हणून सांगितलं होतं." तरी ती एक नेसून बसली. चंद्रीनं हुंगलं, साबणाचा वास घेतला आणि सरळ लाथ घातली.

घरात माझ्या वासाची आता एकच वस्तू उरली होती. ती मेढीला टांगलेल्या पिशवीत होती आणि वर्षाला मी ती उघडू देणार नव्हते. म्हैस गेली तर गेली. मी तसं सांगितलं आणि मोबाईल ठेवून दिला. त्या दुपारी मी हरले होते, खरं सांगते.

आक्का

संध्याकाळी वर्षाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मोबाईल गोठ्याकडं धरला. चंद्रीच्या पोटाशी पाठमोरी कुणीतरी बसली होती. हिरवी साडी, काठाला शेणाचा डाग. क्षणभर वाटलं, मीच तिथं बसलेय आणि ही वॉर्डातली दुसरीच कुणी. मग ती साडी गुडघ्यापर्यंत वर गेलेली दिसली आणि मी ओळखलं. आक्का जन्मभर नऊवारी नेसणारी. माझ्या पाचवारीचाच तिनं कासोटा घातला होता, त्यामुळं साडी पोटऱ्यांच्याही वर गेलेली. बादलीत धारा वाजत होत्या. तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकतेय असं वाटलं.

आक्कानं मान वळवली नाही. चंद्रीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चंद्रे, सांग गं तिला. दूध निघालंय सगळं. आता गुमान पालथी झोप म्हनावं."

मागाहून वर्षानं सगळं सांगितलं. आक्का दोन दिवस भिंतीपलीकडून चंद्रीचं हंबरणं ऐकत होती. शेवटी उठली, भिंतीवरून चढून आली, मेढीवरची पिशवी काढली आणि दातानं गाठ सोडली. थोरले भावजी ओरडले, "याड लागलंय का तुला? त्या साडीत रोग हाय!" आक्का म्हणाली, "असंल. पण म्हस काय भांडली व्हती का आपल्यासंगं?" वर्षा मध्ये पडायला गेली तर तिलाही दटावलं, "तू लांब हो. तुझं वय हाय, माझं झालंय."

हे शहाणपणाचं होतं का? नव्हतं. कुणी असं करावं असं मी सांगणार नाही. पण ज्या गल्लीत आमच्या दाराकडं बघून लोक पाऊल उचलत होते, तिथं एका बाईनं माझ्या तापातली साडी अंगाला लावली. आमचं दूध तर डेअरीनं बंदच केलं होतं, त्या दिवसापासून आक्काचंही घेईनात, कारण ती आमच्या गोठ्यात शिरली होती. तिला ते आधीच ठाऊक होतं. तिनं दोन्ही घरच्या दुधाचं विरजण लावलं, घुसळलं आणि तूप कढवून बरण्या भरून ठेवल्या.

मी त्या संध्याकाळी खरंच गुमान पालथी झोपले. आकडा लगेच वाढला असं काही नाही. पण मला झोप लागली.

घरी

धनगरवाड्यावरची आजी माझ्या आधी घरी गेली. जाताना म्हणाली, "म्हशीला माझा राम राम सांग." मीही काही दिवसांनी सुटले. मालक शाळेतून आधीच घरी आले होते, त्यांनी त्याच टेम्पोतून मला आणलं. कापूरव्होळ, नसरापूर, मार्गासनी, सगळा रस्ता मी खिडकीला चिकटून बघितला. गाडीतून उतरून ओसरीपर्यंत जाताना तीनदा बसावं लागलं.

चंद्रीपाशी गेले तर तिनं मला हुंगलं आणि तोंड फिरवलं. माझ्या अंगाला दवाखान्याचा वास असणार. मला स्वतःला तोही येत नव्हता. आक्का शेजारी उभी होती, माझ्या साडीत. तिनं चंद्रीलाच दटावलं, "आगं, मालकीन हाय ती तुझी. जरा दम धर की."

पुढं कितीतरी दिवस धार आक्कानंच काढली. मी भिंतीला टेकून दगडावर बसायचे, तिच्याकडं बघायचे. त्या साडीला साबण दाखवायचा नाही असं न बोलताच ठरलं होतं. फार तर नुसत्या पाण्यातून पिळून काढायची. आभार मानायला माझं तोंड उघडायचं नाही, मी चंद्रीलाच म्हणायचे, "चंद्रे, नशीब काढलंस बाई." आणि आक्का चंद्रीला म्हणायची, "मालकिनीला भाकरी जाते का इचार."

तुमच्या घरात कुणी असं आजारी असेल तर माझ्याकडं सांगायला फार काही नाही. पालथं झोपायला सांगितलं की झोपा. घरातलं जे काम फक्त आपल्यालाच येतं त्याचा अभिमान बाळगू नका, ते दुसऱ्या हाताला शिकवून ठेवा. वर्षा आता धार काढते आणि कॉलेजातही पहिली येते. आणि मदत कुठल्या दारातून येईल हे आधी ठरवू नका. मी ज्या दारांकडं बघत होते ती लागलेलीच राहिली आणि जिथं दारच नव्हतं, भिंत होती, तिथून माणूस चढून आलं.

गड उघडला तशी पोरं परत यायला लागली. पहिल्या पंगतीला मी गरम भातावर आक्काचं तूप वाढलं. त्या पोरांनी बरण्याच मागितल्या, त्या त्यांना दिल्या आणि आलेलं सगळं आक्काच्या पदरात घातलं. हात धुण्याच्या पाण्यासाठी मालकांनी आणि थोरल्या भावजींनी मिळून शोषखड्डा खणला. खणताना दोघं भाऊ एकमेकांना शिव्या देत होते, म्हणजे सगळं ठीक होतं.

वास

माझं नाक मात्र अजून बंद होतं. आंबेमोहोर शिजतो तेव्हा घरभर वास सुटतो म्हणतात, मला ते नुसतं आठवून जेवावं लागे. पाऊस सरला, भाताला लोंब्या आल्या, तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, कुणाला वेळ लागतो. मी नाद सोडला होता.

एका सकाळी आक्काचा गुडघा धरला. ती साडी खुंटीला अडकवून चंद्रीला म्हणाली, "आज तुझं तू बघ बाई." मी ती साडी अंगावरच्या साडीवरून गुंडाळली आणि बसले. चंद्रीनं माझा खांदा हुंगला. बराच वेळ हुंगला. मग तिच्या कासेत दूध उतरलेलं मला बोटांना कळलं. बादलीत पहिली धार वाजली तसं मी तिच्या पोटाला डोकं टेकलं आणि पदर नाकावर आला.

काहीतरी करपल्यासारखं, उग्र, झोंबणारं. आधी मला कळेचना. वाटलं, चुलीवर परत काही राहिलं. आणि मग ओळखलं. मिश्री. आक्काच्या मिश्रीचा वास. ज्या वासाला मी वर्षानुवर्षं नाकाला पदर लावला, तोच वास माझ्या पदरातून येत होता. मी तो पदर नाकाशी घट्ट धरला आणि हुंगत राहिले, रडत राहिले. धार अर्धवट राहिली.

मी उठून भिंतीशी गेले. चंद्रीला काही सांगितलं नाही.

"आक्का! मला वास आला! तुमच्या मिश्रीचा!"

आक्का अंगणात बसली होती. कोंबडी तिच्या पायांशीच टिपत होती, पण आक्कानं तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"आला व्हय, सुमे?" ती म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "मंग आता साबण लाव त्या साडीला. लई घाण झालीया."

"न्हाई लावणार," मी म्हटलं.